माटोळीत टांगलेला झुमो

मी त्या दुकानात शिरलो ते फक्त एसी खायला. हे मी देवावर हात ठेवून सांगायला तयार आहे, आणि पुढे जे झाले त्यात देवही सामील होता, त्यामुळे तो खोटे बोलू देणार नाही.

जून संपत आला होता. म्हापशात घाम पुसून पुसून माझा रुमाल पिळायच्या लायकीचा झाला होता. बसला वेळ होता. समोर ओळखीच्या रुद्रेशचे मोबाईल-टीव्हीचे काचेचे दुकान होते. दार उघडले की आतला गारवा थेट रस्त्यापर्यंत येत होता. दोन मिनिटे आत उभे राहावे, एखाद्या वस्तूकडे गंभीर चेहऱ्याने बघावे आणि बाहेर पडावे, एवढाच माझा बेत. मी ज्या वस्तूकडे गंभीर चेहऱ्याने बघितले ती वस्तू होती झुमो.

झुमो म्हणजे हातात धरून खेळायचे गेमचे यंत्र. चकचकीत, निळे, दोन्ही बाजूंना बटणे. रुद्रेशने ते माझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, "आयजूच आयलां. पेडण्यांत अजून कोणाकडे ना. पयलो मान तुमकां."

आता माझ्याबद्दल थोडे सांगायला हवे, म्हणजे तुम्हाला माझी कीव लवकर येईल. मी गुरुदास. कोरगावला राहतो, पेडण्याला एका पतसंस्थेत कारकून आहे. लोकांनी आपले पैसे कुठे, कसे, किती दिवस ठेवावेत हे मी दिवसभर काचेमागून सांगतो (लोक ऐकतात, कारण माझी खरेदी त्यांनी पाहिलेली नाही). घरी मात्र बाजाराची पिशवी माझ्या हातून केव्हाच काढून घेतली गेली आहे. एकदा हरमलहून मी मोठ्या हौसेने बांगडे आणले होते. आमच्या दारात एक कुत्रा पडून असतो. आमचा नाही, पण आमच्याच दारात असतो. बायकोने एक बांगडा त्याच्यापुढे टाकला. त्याने हुंगला, माझ्याकडे पाहिले आणि उठून शेजारच्या शंभूच्या दारात जाऊन बसला. दोन दिवस परत आला नाही.

याउलट माझी बायको गौरवी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तिला येताना पाहून विक्रेते आधी स्वतःच दर कमी करतात, म्हणजे निदान अब्रू तरी राहते. मला घासाघीस जमत नाही. समोरच्याने "शंभर" म्हटले की "बरे" हा शब्द माझ्या तोंडातून आपोआप पडतो. मला फक्त पोदेर परवडतो. रोज सकाळी सायकलवर पों पों करत येणारा, पावाचा दर ठरलेला, गोल उंडा घ्या नाहीतर कोंड्याच्या पावाची पोळी घ्या, वाद नाही. घरातली तेवढी एक खरेदी माझ्याकडे उरली होती.

आणि रुद्रेशच्या दुकानात भिंतीवर पाटी होती: फिक्स रेट.

ती पाटी वाचून मला जो आनंद झाला तो मी कसा सांगू! घासाघीस करायचीच नाही, म्हणजे हरायचेच नाही. शिवाय पेडण्यात पहिला मान. मी बोनसची सगळी रक्कम देऊन झुमो घेतला आणि बसमध्ये तो मांडीवर धरून, शेजारणीचा टोपलीवाला हात लागू नये म्हणून आकसून बसून घरी आलो.

गौरवीने खोका उलटसुलट करून पाहिला.

"कितल्याक?"

"फिक्स रेट."

"फिक्स म्हळ्यार कितलें?"

मी सांगितले. तिने खोका पुन्हा उलटा केला. आदोळीवर नारळ खवत बसलेली आई मात्र थांबली आणि म्हणाली, "तितल्यांत एक म्हस आयली आसती."

"आई, ही गुंतवणूक आहे," मी म्हणालो. (असे मी पतसंस्थेत दिवसातून चाळीसदा म्हणतो. तोंडातून निघून गेले.)

गौरवीने खोका मेजावर ठेवला आणि तिने निकाल दिला. "बरें. हें बरें निघालें जाल्यार फुडें बाजाराची पिशवी तुमची. हांव तोंड उघडचें ना. पूण वायट निघालें, तर पोदेराकडचे उंडे सोडून जल्मांत कायच घेवपाचें ना. आनी उंड्यांचेंय मागीर पळोवया."

एवढे सारे त्या निळ्या डब्यावर येऊन बसले. माझी पिशवी, माझा मान, माझे उंडे.

रात्री जेवण झाल्यावर सगळ्यांना बसवून मी झुमो सुरू केला. पडदा उजळला. चौकोनांच्या रांगाच रांगा दिसल्या, प्रत्येक चौकोनात एक गेम असायला हवा होता. असायला हवा होता, असे म्हणतो, कारण तीन चौकोन भरलेले होते आणि उरलेल्यांवर कुलपाचे चित्र होते. खाली लिहिले होते: लवकरच.

पहिला गेम विमानाचा. माझे विमान वर चढायचे आणि समोरच्या डोंगराला जाऊन धडकायचे. डोंगर चुकवायचे बटण कोणते हे मला आजवर कळलेले नाही. दुसरा कुत्रा पाळण्याचा. पडद्यावरच्या कुत्र्याला वेळेवर खाऊ घालायचा, आंघोळ घालायची, नाहीतर तो रुसतो. तिसरा मासेमारीचा, गळ टाकून बसायचे.

मासेमारीच्या गेमने मला घरात प्रतिष्ठा मिळेल असे वाटले होते. पहिला मासा लागला तेव्हा मी आईला मुद्दाम बोलावून दाखवला. तिने चष्मा लावला.

"तो कितें रे, शेवटो?"

"नाही गे, आपला खाडीतला शेवटो नव्हे, परदेशी मासा आहे."

"कांटे खूब आसतले," म्हणून ती निघून गेली.

कुत्र्याच्या गेमचे गौरवीने वेगळेच केले. मी पडद्यावरच्या कुत्र्याला बिस्किटे भरवत होतो. तिने जनेलातून दारातल्या कुत्र्याकडे पाहिले आणि म्हणाली, "भायलो सुणो सकाळसावन वाट पळयता. ताका एक कुडको घालूंक तुमकां वेळ ना. हाका मात दिसाक तीन फावट!"

त्यानंतर रोज संध्याकाळी मी कामावरून आलो की चहाबरोबर तोच प्रश्न यायचा.

"नवें कितें आयलें?"

"लवकरच," मी सांगायचो.

जुलै असाच गेला. ऑगस्टही गेला. कुलपे तशीच. मी विमान आपटत होतो, कुत्र्याला न्हाऊ घालत होतो आणि त्या परदेशी माशांचे करायचे काय हे मला समजत नव्हते. तरी मी हरलो नव्हतो. अजून गेम येतील, अजून पिशवी माझ्या हातात येईल, असा विश्वास होता. मूर्ख माणसाचा विश्वास फार चिवट असतो हे मी अनुभवाने सांगतो.

मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली. आदल्या आठवड्यात पतसंस्थेत काउंटरवर असताना फोन वाजला. कंपनीचा निरोप. झुमोची किंमत निम्मी झाली होती. आणि मी सुरुवातीचा ग्राहक म्हणून कंपनीने माझे मनापासून आभार मानून माझ्या नावापुढे एक सोनेरी तारा लावला होता. घरी जाऊन झुमो उघडला तर खरेच तारा होता. लुकलुकत होता. मी फसलो म्हणा हवे तर, पण चमकून फसलो.

पण खरा धक्का दुसऱ्या दिवशी बसला, कामासाठी म्हापशाला गेलो तेव्हा. रुद्रेशने दुकानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फलक लावला होता. झुमोचे निळे चित्र, जुना दर आडवी लाल रेघ मारून खोडलेला, नवा दर ताटाएवढ्या अक्षरांत. आणि हा फलक बरोबर त्या रस्त्यावर, जिथे चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचे सामान विकणाऱ्या बायका बसतात.

माटोळी माहीत नसेल तर सांगतो. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिच्या चौकोना-चौकोनांत रानातली, परसातली फळे बांधतात. नारळ, सुपारीचा शिपटो म्हणजे अख्खा घोस, चिबूड, तोरिंग, आंबाडे, कांगलां, काय नि काय. मूर्ती कितीही छान असो, आलेला पाहुणा हात जोडतो, मान वर करतो आणि माटोळी पाहतो. घराची अब्रू वर टांगलेली असते. आणि दरवर्षी तो बाजार गौरवी करते. म्हणजे गौरवी त्या फलकाखाली तासभर तरी उभी राहणार होती.

मी घरी आलो आणि म्हणालो, "यंदा माटोळीचा बाजार मी करतो."

आईचा हात नारळाच्या वाटीतच थांबला. गौरवी नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, पीठ मळत होती, ती वर बघायला लागली.

"तुमी?"

"हो, मी. तुला एवढे काम. नेवऱ्या, मोदक, घर सारवायचे, साफसफाई..."

"गुरू, ताप बी आयला काय रे?" आई म्हणाली.

गौरवीला संशय आला होता, पण पीठ हाताला लागले होते आणि नेवऱ्यांचे काम खरोखरच फार होते. शेवटी म्हणाली, "बरें, वचात. पूण एक आयकात. सकाळीं आठांच्या आदीं पावचें. आनी माटोळीक घासाघीस नाका. मागतात तें दिवन घेवन येवचें. देवाचें सामान तें."

सगळ्या आयुष्यात तिने मला घासाघीस करू नका असे पहिल्यांदाच सांगितले होते. हीच माझी शेवटची संधी होती. ती ऐकली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही दुसरे काहीतरी वाचत असता.

चवथीच्या आदल्या दिवशी रजा काढून स्कूटरवर रिकामे पोते बांधले आणि मी सातलाच म्हापशाला पोचलो. रस्त्याच्या दोन्ही कडांनी डिचोली, सत्तरीकडून आलेल्या बायका बसलेल्या. ढीगच ढीग. हिरवी, पिवळी, लाल फळे. मी दर विचारले. ऐकून हादरलो. आणि तेवढ्यात मान वर झाली आणि समोर तो फलक दिसला, खोडलेला जुना दर, ताटाएवढा नवा दर.

आणि मला साक्षात्कार झाला. पहिल्या दिवशी घेतो तो मूर्ख! दर उतरणारच असतात. थांबायचे असते. झुमोने एवढा महागडा धडा शिकवला तो वाया कशाला घालवू? संध्याकाळपर्यंत या बायकांना घरी जायचे आहे, बस पकडायची आहे. तोपर्यंत निम्म्या दराने सारे माझ्या पोत्यात असेल. आणि मग गौरवीला सांगेन, पिशवी इकडे दे.

मी समोरच्या हॉटेलात शिरलो, भाजीपाव आणि मिरची भजी मागवली आणि फलकाकडे पाठ करून बसलो. (आरशात तो दिसत होताच.) नऊ वाजता शंभू दिसला. शंभू आमचा शेजारी, ज्याच्या दारात माझ्या बांगड्यांमुळे कुत्रा गेला होता तो. त्याचे पोते गच्च भरले होते.

"घेतलें सामान?" त्याने विचारले.

"थांबलां. दर देंवतले," मी हसत म्हणालो.

"माटोळीचो?"

"हय."

शंभूने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मला वाटले त्याला माझी हुशारी कळतेय. मग तो रुद्रेशच्या दुकानाकडे गेला. माझे लक्ष भज्यांवर होते.

दुपारी दर खरेच उतरले. मला फार आनंद झाला. पण मला अजून उतार हवा होता, म्हणून आणखी एक चहा घेतला. हे शहाणपण असते ना, ते एकदा अंगात आले की सोडवत नाही. चारच्या सुमाराला मी थाटात बाहेर पडलो.

रस्ता रिकामा होता. पाला, दोऱ्या आणि केळीच्या साली. एक म्हातारी आपले टोपले आवरत होती. टोपल्यात कवंडळे होती. कवंडळ म्हणजे लालभडक फळ, दिसायला देखणे आणि खायला विषारी. शेजारी एक सुपारीचा शिपटो, ज्याच्या सुपाऱ्या निम्म्या गळून गेल्या होत्या, आणि एक तडकलेला चिबूड.

"दर किती?" मी आवाजात जरब आणून विचारले.

"दर कसलो बाबा, फुकट व्हर. म्हाका डिचोलेची बस चुकता."

निम्मा काय, सगळाच दर उतरला होता. मी बाजारभर धावलो. भाजी बाजार, केळ्यांची दुकाने, बसस्टँड. चवथीचा बाजार उठला होता. आंबाड्याचा एक घोस एका रिक्षावाल्याकडे दिसला, तो त्याचा स्वतःचा होता, त्याने दिला नाही. घरी जाताना स्कूटरवरचे पोते वाऱ्याने फडफडत होते. भरलेले पोते फडफडत नाही, हे मला वाटेत लक्षात आले.

घरी चौकट टांगून तयार होती. सारवलेल्या खोलीत समई, आंब्याची पाने, आणि वर ती रिकामी चौकट, चौकोनांच्या रांगाच रांगा. गौरवी आणि आई दोघी पोत्याजवळ बसल्या. गौरवीने पोते उलटे केले. कवंडळे घरंगळली, शिपटो पडला, चिबूड पडला आणि पुरता फुटला.

दोघींनी पोत्यात आत डोके घालून पाहिले.

"बाकीचें खंय?" गौरवीने विचारले.

मी वर चौकटीकडे पाहिले. रिकामे चौकोन. आणि काय सांगू, दोन महिन्यांची सवय, तोंडातून आपोआप निघाले.

"लवकरच."

हे ऐकून गौरवी काय करणार होती ते मला कधीच कळणार नाही, कारण त्याच क्षणी शंभू दारात आला. हातात तोरिंग आणि घागऱ्या नावाच्या रानातल्या शेंगांचा झुबका, उरलेला म्हणून आणलेला. आणि खिशातून डोकावणारे काहीतरी निळे.

"वैनी, हें तुमकां. आमकां चड जालें," तो म्हणाला. मग खिशातले बाहेर काढले. "आनी हें पळयलें? गुरुदासाचें पळोवन हांवेंय एक हाडलें. पूण म्हाका मगो अर्ध्यांत पडलें! माटोळी बेगीन जाली, वेळ आसलो, वयर फलक दिसलो..."

तो बोलत राहिला, हॉटेलातल्या माझ्या भज्यांपर्यंत. गौरवी त्याच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. एकेक धागा तिच्या डोक्यात जुळत होता, नेवऱ्या, घर सारवणे, तुला एवढे काम.

"म्हणून तुमकां माटोळीचो बाजार करूंक जाय आसलो," ती हळूच म्हणाली.

ओरडली असती तर बरे झाले असते. मला खरेच लाज वाटली. झुमोची नव्हे, त्या रिकाम्या चौकटीची. उद्या सकाळी देव येणार आणि त्याच्या डोक्यावर तीन कवंडळे आणि एक टकला शिपटो. शेजारच्या वाड्यावरून भजनी मंडळी येणार, हात जोडणार, मान वर करणार.

गौरवीने पदर खोचला. आईला म्हणाली, "आई, टोपली घेयात." आणि दोघी अंधार पडायच्या आत वाड्यावर निघाल्या. मला बरोबर यायला सांगितले गेले ते फक्त टोपली उचलायला.

वाड्यावरच्या प्रत्येक घरातून काही ना काही मिळाले. कुणी परसातला निरफणस दिला, कुणी आंबाडे, कुणी कांगलां, कुणी केळ्यांचा लहान घड. पण चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचे सामान मागायला येणाऱ्या माणसाला प्रत्येक घर एकच विचारते: असे कसे झाले? आणि गौरवी प्रत्येक घरी सांगत होती, पहिल्यापासून. एसी, फिक्स रेट, पयलो मान, फलक, मिरची भजी. पहिल्या घरी तिने चिडून सांगितले. चौथ्या घरी ती हसायला लागली होती. शेवटच्या घरी माझी आईच सांगत होती, आणि "लवकरच" ला माझी नक्कल करून दाखवत होती. मी टोपली घेऊन बाहेर उभा. आतून हशा आला की समजायचे, टोपली जड होणार.

आमच्या घराला एवढी भरगच्च माटोळी कधी लागली नव्हती. फक्त मधला एक चौकोन उरला. गौरवी स्टुलावर उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली, मग खाली उतरली, आत गेली आणि झुमो घेऊन आली.

"अगं, ते काय करतेस?"

"नवें पीक पयलें देवाक दिवचें," आई म्हणाली आणि तिनेच सुतळी दिली.

तर यंदा आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर निरफणस आणि तोरिंगाच्या मधोमध झुमो लटकत होता, चालू. पडद्यावर माझ्या नावापुढचा सोनेरी तारा लुकलुकत होता. लोक हात जोडत, मान वर करत आणि मग माझ्याकडे बघत. भजनाला शेजारच्या वाड्यावरून माणसे आली, त्यांच्यापर्यंत गोष्ट आधीच पोचली होती. एकाने विचारले, "तो सुणो खंय?" त्याला पडद्यावरचा कुत्रा दाखवला. त्याने चेहरा पाडला. त्याला दारातला हवा होता, बांगडेवाला.

विसर्जन झाले. आमच्याकडे माटोळीचे सामान शेजारी, भटजी असे वाटून टाकतात, घरात परत ठेवत नाहीत. आईने मोठ्या मनाने झुमो भटजींना दिला. देवाचे झाले ते देवाचे, असे म्हणून मी एक मोठा श्वास सोडला, आणि तो सुटकेचा होता. फार दिवसांनी हलके वाटले.

आठवड्याने भटजी आले. पिशवीतून झुमो काढला आणि मेजावर ठेवला.

"यजमान, प्रसाद परत करूं नये, हें म्हाका कळटा. पूण हातूंत खेळपाक कायच ना. तो सुणो म्हाका दिसाक तीन फावट उठयता. नारळ आसल्यार पळयात."

मी नारळ आणायला लगबगीने उठलो.

"तुमी बसात," गौरवी म्हणाली आणि स्वतः आत जाऊन, दोन नारळ कानाशी हलवून पाहून, एक भटजींना दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराचा भोंगा वाजला. मी जागेवरच बसून राहिलो. निकाल मला आठवत होता. गौरवी स्वयंपाकघरातून म्हणाली, "वचात. पोदेर दारांत राबलां." मला क्षणभर खरे वाटले नाही. तेवढे तिने माझ्याकडे ठेवले होते! मी ताठ मानेने फाटकापर्यंत गेलो.

"सहा उंडे," मी म्हणालो.

पोदेराने टोपलीवरचा प्लॅस्टिकचा कागद उचलला, मग थांबला आणि माझ्या खांद्यावरून घराकडे ओरडला, "वैनी! हांकां दिवं मूं?"

"दी!" आतून आवाज आला. "पूण मोजून दी!"

त्याने एकेक उंडा माझ्या हातात ठेवत, प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत, मोठ्याने मोजले. मी ऐकत गेलो. पैसे दिले. माघारी वळलो, पायरी चढलो, मेजावर उंडे ठेवले. गौरवीने मोजले. पाच.

मी मागे वळून पाहिले. दारातला कुत्रा फाटकाजवळ बसून, दोन्ही पंजांत धरून, सहावा उंडा खात होता. माझ्या हातून कधी पडला ते मला कळलेही नव्हते. त्याने हुंगले नव्हते, उठून गेला नव्हता. शेपूट हलवत होता.

गौरवीने जनेलातून पाहिले.

"बरें जालें," ती म्हणाली. "निदान एका सुण्याक तरी तुमी जेवण घातलें."